अश्वत्थ, पार आणि मंदिर

श्रीमद्भगवद्गीतेत अश्वत्थ वृक्षाचे वर्णन दोन अध्यायांत आले आहे, आणि वरवर पाहणाऱ्यास ही दोन वर्णने परस्परविरुद्ध भासतात. दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूती सांगत असता सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ मी, असे अर्जुनास सांगतात. पंधराव्या अध्यायाच्या आरंभी मात्र तोच अश्वत्थ संसाराचे रूप घेऊन उभा राहतो. त्याचे मूळ वर, शाखा खाली, आणि पाने म्हणजे वेद. हा वृक्ष असंगरूपी बळकट शस्त्राने छेदावा, अशी आज्ञाही तेथेच आहे. जो वृक्ष भगवंताची विभूती, तोच छेदावयाचा, हे कसे? ही शंका प्रवचनात अनेकदा विचारली जाते आणि तिचे उत्तर बहुधा शब्दांच्या फोडीने दिले जाते. पण दिल्लीसारख्या नगरात राहणाऱ्या गृहस्थास हा प्रश्न शब्दांत राहत नाही, तो विटांत आणि चुन्यात येऊन भिडतो.

समजा, एखाद्या वसाहतीत चाळीस-पन्नास वर्षांचे शिवालय आहे. त्याच्या शिखरावर, कळसाच्या खाली, एका सांध्यात पिंपळाचे रोप फुटले. पहिल्या वर्षी ते कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या वर्षी स्त्रिया खालूनच त्यास नमस्कार करू लागल्या. पाचव्या वर्षी त्याचे मूळ गाभाऱ्याच्या भिंतीत उतरले आणि पावसाळ्यात पिंडीवर पाणी ठिबकू लागले. तेव्हा विश्वस्त मंडळात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पिंपळ तोडणे महापाप, मंदिर पडले तरी चालेल. दुसरा म्हणतो, वास्तू देवाची, झाड तिचा नाश करते, कुऱ्हाड आणा. दोन्ही पक्षांची श्रद्धा खरी असते. उणीव असते ती ज्ञानाची, आणि ती केवळ वनस्पतीच्याच नव्हे, गीतेच्याही ज्ञानाची.

प्रथम वृक्षाकडेच पाहावे. पिंपळ, वड, उंबर, पिंपरण ही सर्व एकाच कुळातील भावंडे होत. यांचे फूल बाहेर दिसत नाही. म्हणूनच मराठीत दुर्मीळ व्यक्तीस उंबराचे फूल म्हणण्याची रीत पडली. वस्तुतः फुले असतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या कोशाच्या आत असतात. त्यांच्या परागाची देवघेव एक अतिसूक्ष्म माशी करते. प्रत्येक जातीच्या वृक्षास बहुधा त्याची स्वतःची वेगळी माशी असते. ती नसेल तर पिंपळास बी धरत नाही. पिकलेली फळे साळुंकी, बुलबुल, हारीत यांसारखे पक्षी खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून बी जेथे पडेल तेथे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या खोबणीत, गच्चीच्या कोपऱ्यात किंवा शिखराच्या भेगेत, ते रुजते. रोप वर उगवते आणि मूळ खाली मातीचा शोध घेत उतरते. शिखरावरच्या अशा पिंपळाकडे पाहिले म्हणजे वर मूळ आणि खाली पसारा या गीतेतील चित्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हे मूळ दगड फोडते असे म्हणतात, ते पूर्णपणे बरोबर नाही. कोवळे मूळ केसाइतके बारीक असते. ते आधीच असलेल्या भेगेत ओलाव्याच्या मागे शिरते आणि मग वर्षानुवर्षे जाड होत जाऊन सांधे उकलते. म्हणजे दोष प्रथम भेगेचा, नंतर मुळाचा. ज्या मंदिराची डागडुजी वेळेवर होते, ज्याच्या छपरावर पाणी साचत नाही, तेथे पिंपळास आसराच मिळत नाही. जुन्या चुन्याच्या बांधकामावर कठीण सिमेंटचा लेप चढविण्याची जी घाई हल्ली सर्वत्र दिसते, तीही याच कारणाने अपायकारक ठरते. आत ओलावा कोंडतो, लेप तडकतो, आणि त्या तडीत बीजास घर मिळते.

याच ओघात एका प्रचलित समजुतीचाही विचार करणे प्राप्त आहे. पिंपळ रात्रीदेखील प्राणवायू सोडतो म्हणून तो पूज्य, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. प्रकाशावाचून कोणतीही वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाही, पिंपळही नाही. पूज्यतेस असत्याचा टेकू देण्याची गरज नसते. आज ना उद्या मुलगा शाळेत खरी गोष्ट शिकून येतो, आणि मग टेकूबरोबर श्रद्धाही ढासळते.

आता मंदिर आणि वृक्ष यांचे नाते आपल्या शास्त्रांनी कसे मानले, ते पाहू. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातील. तीत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आणि प्रासादलक्षणाचा अध्याय लागोपाठ येतात. आधी झाडे कशी लावावी व जगवावी, आणि मगच देवालय कसे बांधावे. देवतांस जलाशय आणि उद्याने यांच्या सान्निध्यात रमणे आवडते, असा तेथील आशय आहे. केवळ भावना सांगून ग्रंथकार थांबत नाही. दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम, बारा हात कनिष्ठ, असे माप तो देतो. वीस हात म्हणजे साधारण तीस फूट. वास्तूच्या कोणत्या दिशेस कोणता महावृक्ष असावा, हेही त्याने सांगितले आहे. उत्तरेस पिंपरण, पूर्वेस वड, दक्षिणेस उंबर, पश्चिमेस पिंपळ शुभ, आणि याच्या उलट दिशांना तेच वृक्ष अशुभ. दिशांचे फल कोणी मानो वा न मानो, एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या पूर्वजांनी अश्वत्थास देव मानले, त्यांनीच त्याच्यासाठी वास्तूपासून वेगळी जागा नेमली. भिंतीतून फुटलेला पिंपळ ही त्यांच्या दृष्टीने दैवी कृपा नव्हती.

दगडातील वनस्पतीचा विषय निराळा आहे, आणि त्यात दिल्ली समृद्ध आहे. मेहरौली येथे कुतुबमिनाराशेजारी जी मशीद आहे, तिच्या शिलालेखात सत्तावीस मंदिरांचे साहित्य वापरल्याचा उल्लेख आहे. तेथील स्तंभ आजही पाहता येतात. त्यांवर घटपल्लव, म्हणजे कलशाच्या काठावरून ओसंडणारी पाने, पुनःपुन्हा कोरलेली दिसतात. उत्तर भारतीय शिखरावर कळसाखाली जे चपटे, पाकळीदार चक्र असते, त्यास आमलक म्हणतात, आणि ते आवळ्याच्या फळाच्या रूपाचे आहे. मूर्तीखाली कमळ, द्वारशाखेवर लता, छतावर पद्म. मंदिर म्हणजे जणू पाषाणात फुललेले उद्यान. स्थपतीने हे अशासाठी केले की दगडाची पाने भिंत उकलीत नाहीत. सजीव वृक्षास बाहेर अंगणात स्थान आणि त्याच्या रूपास आत भिंतीवर स्थान, ही विभागणी विचारपूर्वक केलेली होती.

आधुनिक दिल्लीत या विभागणीचा एक चांगला नमुना म्हणजे मंदिर मार्गावरील श्रीलक्ष्मीनारायण मंदिर. लोक त्यास बिर्ला मंदिर म्हणतात. बलदेवदास बिर्ला आणि त्यांचे चिरंजीव यांनी १९३३ ते १९३९ या काळात ते बांधविले. स्थापत्य श्रीशचंद्र चटर्जी यांचे. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, ते सर्व जातींच्या लोकांस प्रवेश असेल या अटीवर. मंदिराचा परिसर सुमारे साडेसात एकरांचा असून त्यात गीताभवन आहे आणि मोठी बाग व कारंजी आहेत. पाठीमागे दिल्लीच्या जुन्या डोंगररांगेचे रान येते. उन्हाळ्यात बाहेरचा रस्ता तापलेला असता या बागेत शिरणाऱ्या यात्रेकरूस प्रथम जो अनुभव येतो तो सावलीचा, आणि मूर्तीचे दर्शन त्यानंतर. हे काही कमी महत्त्वाचे नाही. तापलेल्या देहाने आणि चिडलेल्या मनाने गाभाऱ्यात जाणारा मनुष्य नमस्कार करतो खरा, पण त्याचे चित्त पायताणाशी राहते. वृक्षाची सावली ही दर्शनाची पूर्वतयारी आहे. जुन्या देवळांपुढे पार आणि त्यावर वड किंवा पिंपळ असे, त्यात हेच शहाणपण होते.

याच नगरात वनस्पतिरूपास वास्तूतच प्रधान स्थान देणारीही उपासनागृहे आहेत. कालकाजीजवळील बहाई पंथाचे कमलाकार मंदिर १९८६ मध्ये पूर्ण झाले. इराणी स्थपती फरीबुर्ज सहबा यांनी ते सत्तावीस पाकळ्यांचे रचिले. भोवती नऊ जलाशय आहेत. त्यांवरून येणारी हवा थंड होऊन आत शिरते, म्हणजे पाण्यावर तरंगणारे कमळ हे केवळ चित्र नसून वायुवीजनाची युक्तीही आहे. यमुनाकाठचे स्वामिनारायण अक्षरधाम ६ नोव्हेंबर २००५ रोजी उघडले. तेथे योगीहृदय कमल नावाचे एक खोलगट उद्यान कमळाच्या आकारात घडविले आहे. एका ठिकाणी वास्तूने फुलाचे रूप घेतले आहे, दुसऱ्या ठिकाणी उद्यानानेच. ही दोन्ही भव्य आहेत. तथापि दिल्लीतील सामान्य गृहस्थाचा रोजचा संबंध अशा भव्य स्थानांशी नसतो. त्याचा संबंध गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाशी, त्याच्या बुंध्याशी ठेवलेल्या शेंदरी दगडाशी आणि त्यास गुंडाळलेल्या सुताशी असतो. म्हणून अधिक विचार त्याचाच केला पाहिजे.

वृक्ष हेच मंदिर आणि वास्तू त्याची सेवक, याचे गीताभक्तास सर्वांत जवळचे उदाहरण दिल्लीच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर आहे. कुरुक्षेत्रात ठाणेसरपासून पाच किलोमीटरवर ज्योतिसर नावाचे स्थान आहे. भगवंतांनी अर्जुनास गीता येथेच सांगितली अशी परंपरा असून तेथील वटवृक्ष त्या प्रसंगाच्या साक्षी वृक्षाचा वंशज मानला जातो. १९२४ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी त्याच्याभोवती दगडी चौथरा बांधविला. पुढे १९६७ मध्ये कांची कामकोटी पीठाच्या शंकराचार्यांच्या हस्ते तेथे कृष्णार्जुनांचा संगमरवरी रथ स्थापन झाला. जवळच ब्रह्मसरोवराच्या काठी जो भव्य धातूचा रथ आहे, तो धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी घडविला, आणि त्यांनी आपली शिल्पशाळा दिल्लीशेजारी नोएडा येथे थाटली होती, हे मराठी वाचकांस सांगावयास हवे. एवढे संगमरवर आणि धातू असूनही ज्योतिसरला यात्रेकरूचे पाय वळतात ते वडाकडेच. तेथे गाभारा नाही, छत नाही, पारंब्या हेच खांब. पाच हजार वर्षांचा हिशेब येथे कोणी मांडू नये. वडाची एक पारंबी भूमीस लागून खोड बनते, मूळ खोड गेले तरी ती उरते, आणि मग वृक्षाचे वय हा प्रश्नच शिथिल होतो.

परंपरेचा हा असाच प्रवाह बोधिवृक्षाच्या बाबतीत अधिक स्पष्टपणे दिसतो. बोधगयेच्या मंदिरामागील जुना पिंपळ १८७६ मध्ये वादळात पडला, आणि १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अशोककन्या संघमित्रेने मूळ वृक्षाची फांदी सिंहलद्वीपात अनुराधपूरला नेली होती, आणि तो वृक्ष आजही उभा आहे. दिल्लीच्या बुद्धजयंती उद्यानात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ मध्ये जे बोधिवृक्षाचे रोप लावले ते श्रीलंकेहून आणलेले होते. गयेहून समुद्रापार गेलेला अश्वत्थ दोन हजारांहून अधिक वर्षांनी असा परत यमुनेच्या प्रदेशात आला. वास्तू पडली म्हणजे पुन्हा बांधता येते, पण ती नवी वास्तू असते. वृक्षाची फांदी लावली म्हणजे जे वाढते ते त्याच वृक्षाचे शरीर असते.

असा हा वृक्ष नगरात मरतो कशाने? कुऱ्हाडीने क्वचित, पुष्कळदा भक्तीने आणि सिमेंटाने. पार बांधताना लोक खोडाला भिडवून काँक्रीट ओततात, वर संगमरवरी फरशी बसवितात आणि दात्याचे नाव कोरतात. मुळास पाणी व हवा दोन्ही मिळेनाशी होतात. फरशीवर ओतलेला तांब्या गटारात जातो आणि अर्घ्य दिल्याचे समाधान तेवढे उरते. दिल्लीत ही गोष्ट इतकी वाढली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास एप्रिल २०१३ मध्ये झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. तो आदेश मुख्यतः रस्त्यांवरच्या झाडांसाठी दिला गेला. पण देवाच्या झाडाची मुळे काही निराळ्या जातीची नसतात. खोडाशी टेकवून लावलेल्या दिव्याने साल भाजते. खिळे ठोकून लावलेल्या तसबिरींच्या जागी कीड शिरते. सुताच्या जागी आता नायलॉनचा दोरा आला आहे, तो कुजत नाही आणि कोवळ्या खोडास फासासारखा आवळतो. भंगलेल्या मूर्ती, रंग लावलेल्या प्रतिमा, प्लॅस्टिकच्या पिशवीतील निर्माल्य, हे सर्व ज्याच्या बुंध्याशी आणून टाकले जाते, तो वृक्ष पूजेचे स्थान राहिला की उकिरडा झाला, याचा विचार ज्याने त्याने करावा. नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. त्यांतील एकही वस्तू अशी नाही की जी वृक्षाच्या मुळाशी पडली असता त्यास अपाय होईल.

येथे महाराष्ट्रातील एक कथा पाहण्याजोगी आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ मध्ये आळंदीस संजीवन समाधी घेतली. समाधीशेजारी अजानवृक्ष आहे. सुमारे तीनशे वर्षांनी पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांस स्वप्नदृष्टांत झाला, अशी परंपरा सांगते. त्या अजानवृक्षाचे मूळ आपल्या कंठास लागले आहे, ते येऊन काढावे, असे ज्ञानेश्वर महाराजांनी त्यांस सांगितले. नाथ आळंदीस गेले, त्यांनी समाधीस्थान शोधून काढले आणि कंठाभोवतीचे मूळ दूर केले. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

या कथेकडे बहुतेक वाचक चमत्कार म्हणून पाहतात. तीत जो विवेक आहे तो मात्र नजरेतून सुटतो. अजानवृक्ष पवित्र, समाधी पवित्र, आणि तरीही एका पवित्र वस्तूचे मूळ दुसऱ्या पवित्र वस्तूच्या गळ्याशी आले. नाथांनी काय केले? झाड पवित्र म्हणून मूळ तसेच ठेवले नाही, आणि समाधी पवित्र म्हणून झाडही तोडले नाही. जेथे मूळ आवळत होते तेथे ते सोडविले, एवढेच. अजानवृक्षाची पूजा आळंदीस आजही चालू आहे, त्याच्या छायेत ज्ञानेश्वरीचे पारायण होते. कथेचा पुढील भागही सूचक आहे. मूळ सोडविल्यानंतर नाथांच्या हातून जे कार्य झाले ते ग्रंथाच्या शुद्धीचे. तीन शतकांत मूळ ग्रंथावर पाठांतरांची जी वेटोळी पडली होती, तीही त्यांनी तशीच हलक्या हाताने सोडविली.

पंधराव्या अध्यायातील छेदनाचा अर्थ या प्रकाशात वाचावा. भगवंतांनी शस्त्र सांगितले ते असंगाचे. लोखंडाची कुऱ्हाड जे तोडते ते झाड. असंग जे तोडतो ते झाडास आपण घातलेली मिठी. हे माझ्या वसाहतीचे, माझ्या वडिलांनी लावलेले, माझ्या नावाच्या फरशीचे, असे जे ममत्व, ते गेले म्हणजे वृक्ष उरतो आणि तो दहाव्या अध्यायातील विभूतीच असतो. भाष्यकारांनी अश्वत्थ शब्दाची फोड जो उद्यापर्यंतही टिकत नाही तो, अशी केली आहे. ज्ञानेश्वरीतही या वृक्षाचे विवेचन अतिशय विस्ताराने आले आहे, ते मुळातूनच वाचावे. मात्र क्षणभंगुर म्हणून जे सांगितले ते तुच्छ म्हणून सांगितले, असा अर्थ कोणी करू नये. दिल्लीतील पिंपळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुनी पाने टाकतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस कोवळ्या पालवीने भरून जातो. जे उद्या राहत नाही तेच उद्या नवे होते.

तेव्हा शिखरावरील रोपाचे काय करावे? ते दोन-चार पानांचे असतानाच, पावसाळ्यानंतर, हाताने मुळासकट काढून घ्यावे. ओलसर भेगेतून ते सहज निघते. पिंपळ अतिशय चिवट असल्यामुळे कुंडीत लावले असता ते बहुधा जगते आणि वर्ष-दोन वर्षांनी मोकळ्या जमिनीत नेता येते. जेथून रोप काढले ती भेग त्याच आठवड्यात चुन्याने बुजवावी, नाही तर पुढल्या वर्षी पाखरे पुन्हा तेथेच पेरणी करतील. प्रतिवर्षी कोजागिरीच्या सुमारास एक दिवस शिखर आणि गच्ची तपासण्याचा नेम देवस्थानांनी ठेवला, तर विश्वस्त मंडळात पक्ष पडण्याची वेळ येणार नाही.

मूळ खोल गेले असेल तर मात्र घाई करू नये. वरून खोड छाटले तर ते शतपट जोमाने फुटते. मूळ ओढून काढले तर त्याबरोबर दगड येतात, कारण तोवर ते मूळच भिंतीस सांधून धरीत असते. कंबोडियातील ता प्रोम मंदिरावर प्रचंड वृक्ष वाढले आहेत. तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी जतनाचे काम केले, ते वृक्ष सरसकट काढून टाकून नव्हे, तर काही ठिकाणी वृक्ष व भिंत दोहोंस आधार देऊन. अशा वेळी जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा आणि कायदाही पाहावा. दिल्लीत १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार, जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर ज्याचे खोड पाच सेंटिमीटर जाड असेल आणि उंची एक मीटरहून कमी नसेल, ते झाड वृक्ष ठरते आणि अनुमतीवाचून तोडता येत नाही. म्हणजे बोटाएवढ्या रोपास जे पाच मिनिटांत करता येते, त्यासाठी पुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागतात.

ज्यांच्या मनात पापाची धास्ती आहे, आणि पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कोणत्या मराठी मनात ती नसते, त्यांनी पुन्हा बृहत्संहितेकडे वळावे. मूर्तीसाठी लाकूड आणण्यास वनात जाणाऱ्याने आदल्या दिवशी त्या वृक्षाची पूजा करावी, त्यावर वास करणाऱ्या भूतांस नैवेद्य द्यावा आणि त्यांनी दुसरीकडे वस्ती करावी अशी विनंती करावी, असा विधी तीत सांगितला आहे. यातील भाव असा की वृक्षावर कोणाचे तरी घर आहे हे विसरू नये. पक्षी, खारी, ती सूक्ष्म माशी, यांना भूते म्हणण्यास शास्त्राची हरकत नाही. रोप काढण्यापूर्वी त्यास पाणी घालून नमस्कार करावा आणि नव्या जागी लावून पहिला तांब्या तेथेच ओतावा. एवढा विधी शास्त्रास आणि वनस्पतीस दोहोंस मानवतो.

वृक्ष आणि वास्तू यांची गाठ प्रत्येक घरात पडते ती तुळशीवृंदावनात. दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वाडा नाही, अंगण नाही, चौथ्या मजल्यावरची हातभर रुंद गॅलरी तेवढी आहे. तेथे संगमरवरी वृंदावन हौसेने आणून ठेवले जाते आणि तुळस मात्र दर वर्षी पौषात जळते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या मनास ते लागते, काही अशुभ तर नाही ना, अशी शंका येते. कारण साधे आहे. तुळस उष्ण प्रदेशाची, तिला उत्तरेची थंडी सोसत नाही. शिवाय बाजारातील वृंदावनास खाली छिद्र नसते, नित्य पूजेचे पाणी आत साचते आणि मूळ कुजते. छिद्र पाडून घ्यावे, तळाशी खापऱ्या घालाव्या, मार्गशीर्षापासून पाणी आचमनापुरतेच घालावे आणि रात्री वर कापड घालून सकाळी उन्हात काढावे. तुळशीच्या लग्नानंतर वाळलेल्या मंजिऱ्या चुरून बी कागदाच्या पुडीत ठेवावे. इतके करूनही रोप गेले तर होळी झाल्यावर ते बी ओल्या मातीवर भुरभुरावे, वर माती अगदी पातळ घालावी. आठ-पंधरा दिवसांत बारीक अंकुर दिसू लागतात, आणि त्यांतील दोन शेजारच्या घरी देता येतात.